नक्षत्रमाला: सत्तावीस मोती मोजून ओवताना

जुन्या काव्यात आणि कथेत गळ्यातल्या दागिन्यांची नावं ओळीनं येतात: एकावळी, मुक्तावळी, रत्नावली, यष्टी, नक्षत्रमाला. खाली टीप पाहावी तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, ‘एक प्रकारचा हार’. ही टीप चूक नाही, पण अपुरी आहे. यातलं जवळजवळ प्रत्येक नाव म्हणजे एक माप आहे. किती सर, किती मोती, लांबी किती, मधे मणी आहे की नाही, हे त्या नावातच बांधलेलं असतं. ओवणाऱ्यानं ऐकलं की त्याला काय करायचं ते कळावं, इतकं ते नेमकं आहे.

म्हणून यातला एक शब्द, नक्षत्रमाला, आधी नीट वाचू आणि मग त्याच मापानं प्रत्यक्ष माळ गाठू, म्हणजे मोत्यामोत्यामधे गाठ मारत ओवू. सामान सगळं मुंबईत मिळतं. मोती निवडून झाले की काम साधारण एका दुपारचं. फक्त दोरा आदल्या रात्री ताणून ठेवावा लागतो.

आधी शब्द

‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत शब्दकोशात एका सराच्या मोत्यांच्या माळेला एकावली म्हटलं आहे आणि लगेच पुढे सांगितलं आहे: ‘सैव नक्षत्रमाला स्यात् सप्तविंशतिमौक्तिकैः’. तीच एकावली सत्तावीस मोत्यांची असली तर नक्षत्रमाला. नक्षत्रं सत्तावीस, म्हणून मोती सत्तावीस.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त मोत्यांची परीक्षा सांगताना हारांची एक यादीच दिली आहे. ती ओवणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे, कारण त्यात लांबीही येते. त्याच्या मते एकावलीत मोत्यांची संख्या हवी तेवढी असू शकते, पण लांबी एक हस्त आणि मधे मणी नाही. तिच्यात मधोमध मणी घातला की नाव बदलतं, ती यष्टी होते. नक्षत्रमाला म्हणजे सत्तावीस मोती आणि लांबी एक हस्त. मोत्यांच्या अधेमधे रत्नं किंवा सोन्याच्या गुळ्या घातल्या तर मणिसोपान. त्या मणिसोपानाच्या मध्यावर मोठा मणी बसवला तर चाटुकार.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त मात्र सत्तावीस हा आकडा मोत्यांचा नाही, सरांचा आहे. तिथे नक्षत्रमाला म्हणजे सत्तावीस सरांचा हार. एकच शब्द, आकडाही तोच, पण एका ठिकाणी गळ्यालगतची नाजूक माळ आणि दुसरीकडे छाती झाकणारा भरगच्च हार. हा फरक विसरला की भाषांतर कोसळतं. बाकीच्या नावांचंही असंच आहे. अर्धगुच्छ कौटिल्याकडे चोवीस सरांचा, वराहमिहिराकडे वीस सरांचा. माणवक एकाकडे वीस, दुसऱ्याकडे सोळा. देवच्छंद ‘अमरकोशा’त शंभर सरांचा, ‘बृहत्संहिते’त एक्याऐंशी सरांचा. तेव्हा शब्द भेटला की आधी ग्रंथ कोणत्या परंपरेतला आहे ते पाहा, मग आकडा लावा.

जुन्या मजकुरात हाराचं नाव आलं की आजूबाजूच्या चार गोष्टी तपासा. यष्टी (इथे ‘सर’ या अर्थानं), लता, सर, गुण यांपैकी शब्द शेजारी असेल तर मोजणी सरांची आहे. मुक्ता, मौक्तिक, मुक्ताफळ असेल तर मोत्यांची. (मुक्ताफळ म्हणजे साधा मोती. गणपतीच्या आरतीत ‘कंठी झळके माळ मुक्ताफळांची’ म्हणताना तो अर्थ अजून शाबूत आहे, जरी बोलण्यातली ‘मुक्ताफळं’ आता वेगळ्याच अर्थानं उधळली जातात.) तिसरी गोष्ट म्हणजे तरल किंवा नायक हा शब्द. हे दोन्ही हाराच्या मधल्या मण्याचे शब्द आहेत. ‘अमरकोश’ तरलाचा अर्थ स्पष्टच देतो, ‘हारमध्यगः’. तिथे तरल म्हणजे चंचल असं भाषांतर केलं तर वाक्याचा अर्थच निसटतो. चौथी गोष्ट, दागिना कोणाच्या अंगावर आहे. नक्षत्रमाला हा शब्द हत्तीच्या अलंकारालाही वापरलेला आहे आणि सत्तावीस श्लोकांच्या स्तोत्रालाही.

‘मेघदूता’त चर्मण्वती नदीवर मेघ पाणी प्यायला वाकतो, तेव्हा वरून ती कशी दिसते? पृथ्वीच्या गळ्यातल्या मोत्यांच्या एकाच सरासारखी, मधे टपोरा इंद्रनीळ असलेल्या. वराहमिहिराच्या हिशेबानं ही एकावली नव्हे, यष्टी झाली. मधला नीलमणी, म्हणजे तो सावळा मेघ, हाच त्या उपमेचा प्राण आहे. तो सोडून ‘मोत्यांची माळ’ एवढंच लिहिलं तर मेघच चित्रातून गळतो.

मुंबईच्या वाचकाला यात एक जवळची गोष्ट सापडेल. संस्कृत ग्रंथांच्या छपाईसाठी देशभर नावाजलेला निर्णयसागर छापखाना काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत होता. ‘अमरकोश’ टीकेसह तिथेच छापला गेला. ज्या बाजारातून मोती आणायचे, त्याच्या हाकेच्या अंतरावर त्या मोत्यांच्या माळांची नावं छपाईच्या खिळ्यांनी जुळवली गेली.

हिशेब, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं

हस्त म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, चोवीस अंगुळं, साधारण ४५ सेंटीमीटर. आपण ‘हातभर’ म्हणतो तेच. ४५ सेंमीची माळ गळ्यात घातली की गळपट्टीच्या हाडांच्या जरा खाली येते. फार छान लांबी आहे.

आता सत्तावीस मोत्यांत ४५ सेंमी भरायचे. ४५० मिलिमीटर भागिले २७, म्हणजे प्रत्येक मोती सुमारे १६.७ मिमी. एवढे मोती दक्षिण समुद्रातल्या मोठ्या शिंपल्यांत मिळतात, पण त्यांची माळ नुसत्या मोत्यांच्याच वजनानं पावणेदोनशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि किमतीचं तर बोलायलाच नको. उलट नेहमीचे ८ मिमीचे मोती घेतले तर सत्तावीस मोती फक्त २१६ मिमी भरतात. कानाखालून कानाखालपर्यंत, गळ्याच्या पुढच्या भागापुरते.

यातून तीन वाटा निघतात. सोळा-सतरा मिमीचे मोती घ्यायचे, ही पहिली. दुसरी, मोत्यांच्या मधे सोन्याच्या गुळ्या घालून लांबी भरायची. आठ मिमीच्या मोत्यांत सव्वीस जागा, प्रत्येक जागेत सुमारे ९ मिमी. पण मग ती नक्षत्रमाला राहत नाही, मणिसोपान होते. तिसरी वाट म्हणजे पुढे सत्तावीस मोती आणि मागे मानेवर रेशमी दोरी. आमच्या मते घरी करायला हीच सर्वांत योग्य. संख्या राखली जाते, लांबीही राखली जाते, मोती गळ्यावर जिथे दिसायला हवेत तिथेच राहतात. मराठी तन्मणी घालणाऱ्यांना हे नवं नाही, तिथेही मागे दोरीच असते.

(वराहमिहिराच्या यादीत सगळ्यात वर इंदुच्छंद आहे: एक हजार आठ सर, लांबी चार हस्त. तीन-तीन मिमीचे मोती धरले तरी सहा लाखांवर मोती आणि वजन तेवीस किलोच्या आसपास होतं. तो स्वतःच त्याला देवांचं भूषण म्हणतो, ते का, हे गुणाकार केला की कळतं.)

मोती एकसारखे घ्यायचे की मध्याकडून टोकाकडे लहान होत जाणारे? उतरते घ्या. एकसारख्या सत्तावीस मोत्यांची जुळणी महाग पडते आणि मागची दोरी सुरू होते तिथे मोठा मोती अचानक थांबल्यासारखा दिसतो. उतरत्या माळेत शेवटचा लहान मोती दोरीत सहज मिसळतो. हे माप घ्या:

मधला १ मोती १० मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १३ मोती, मध्याकडून टोकाकडे असे: ९ मिमीचे २, ८.५ चे २, ८ चे २, ७.५ चे २, ७ चे २, ६.५ चे २ आणि शेवटचा ६ मिमीचा १.

एका बाजूचे ९९ मिमी, दोन्हींचे १९८, मधला १०, एकूण २०८ मिमी. मोत्यांमधल्या २६ गाठी प्रत्येकी साधारण १.२ मिमी धरल्या तर ३१ मिमी. दोन्ही टोकांना कडीभोवती येणारी तारेची वळणं मिळून ६ मिमी. सगळं मिळून सुमारे २४.५ सेंमी. उरलेले २०.५ सेंमी मागच्या दोरीचे, म्हणजे बाजूला दहा-दहा. सगळ्या मोत्यांचं वजन अठरा ग्रॅमच्या आसपास येतं. सत्तावीस हा विषम आकडा असल्यामुळे मध्य आपोआप चौदाव्या मोत्यावर पडतो. अश्विनीपासून मोजलं तर चौदावं नक्षत्र चित्रा, जिचं चिन्हच तेजस्वी रत्न किंवा मोती मानलं जातं. तिच्या शेजारी पंधरावी स्वाती. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असं कवी सांगत आले.

मधे रत्नाचा मणी हवाच असेल तर तो सरात ओवू नका. सत्तावीस मोत्यांत एक मणी मिसळला की एका बाजूला तेरा आणि दुसरीकडे चौदा मोती होतात. मणी चौदाव्या मोत्याच्या खाली लोंबता ठेवा.

मोती आणताना

मरीन लाइन्स किंवा मशीद स्टेशनवरून चालत झवेरी बाजार गाठता येतो. शेख मेमन स्ट्रीट आणि धनजी स्ट्रीटच्या परिसरात मोत्यांचे व्यापारी आहेत. दोरा, कड्या, तार, गोंडे हे भुलेश्वरच्या बाजूला. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दुपारी बाराच्या सुमारास जा, कारण मोती दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली पाहायचे नसतात. दारापाशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कपड्यावर पाहायचे.

गोड्या पाण्यातले संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) मोती पहिल्या माळेला उत्तम. ते बहुधा कच्च्या दोऱ्यात ओवलेल्या पंधरा-सोळा इंची सराच्या रूपात विकतात. उतरत्या मापाचा तयार सर मिळाला तर त्यातून सत्तावीस निवडता येतात. तो नाही मिळाला तर दोन सर घ्यावे लागतील, एक ८ ते १० मिमीचा आणि एक ६ ते ८ मिमीचा. उरलेल्यांच्या कानातल्या कुड्या होतात, वाया काही जात नाही.

कच्च्या सराचं एक टोक धरून तो सपाट काचेवर लोळवा. गोल मोती सरळ लोळतात. डुगडुगणारा मोती एकतर गोल नसतो किंवा त्याचं वेज (दोरा जायचं भोक) मधोमध पाडलेलं नसतं. वाकड्या वेजाचा मोती माळेत कायम मान काढून बसतो, गाठ कितीही चांगली मारली तरी. मग वेजाचं तोंड भिंगातून पाहा. कडेला टवका उडालेला असेल तर ती धार पुढे दोरा कापते. वेजाशी रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसला तर तो काचेवर मुलामा दिलेला नकली मोती. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले तर खऱ्याला किंचित खरखर लागते, नकली गुळगुळीत सरकतो. मात्र ही खरखर नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यात भेद करत नाही. जुने बसरा मोती (आखातातले नैसर्गिक) म्हणून कोणी देत असेल तर प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

डाग असतातच. डाग वेजापाशी असेल तर चालेल, तो गाठीआड जातो. पोटावर असेल तर नको.

मुंबईच्या मोती बाजारात पूर्वी भाव ‘चव’ या मापावर ठरत असे. चोवीस रती म्हणजे एक टांक. सगळ्या मोत्यांचं वजन टांकांत घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, ३३० नं गुणायचं आणि मोत्यांच्या संख्येनं भागायचं. सत्तावीस मोती मिळून तीन टांक भरले तर ९ गुणिले ३३० भागिले २७, म्हणजे ११० चव. तेच तीन टांक चोपन्न लहान मोत्यांत भरले तर फक्त ५५ चव. वजन तेच, पण मोती निम्म्या संख्येत म्हणजे टपोरे, म्हणून किंमत दुप्पट. उतरत्या माळेत मधल्या पाच-सात मोत्यांवरच बहुतेक पैसा का जातो, हे या एका गुणाकारातून समजतं. घासाघीस करायची तर तिथेच करा.

बाकीचं सामान: कार्डावर गुंडाळलेला दोन मीटर रेशमी दोरा, ४ नंबर (०.६ मिमी), ज्याच्या टोकाला पिळलेल्या तारेची सुई आधीच बसवलेली असते. मोत्यांची वेजं ०.७ मिमीपेक्षा बारीक असतील तर २ नंबर (०.४५ मिमी) घ्या. दोरा मोत्यांच्या रंगाचा, शुभ्र नको. अगदी पांढरा दोरा चार दिवसांत मळका दिसतो. सांधा डाक देऊन बंद केलेल्या ४ मिमीच्या दोन कड्या, चांदीच्या किंवा सोन्याच्या. जरीकामातल्या दबक्यासारखी बारीक पोकळ तार, दोन तुकडे, प्रत्येकी ७ मिमी. बारीक टोकाचा चिमटा, दाभण, धारदार कात्री, बिनरंगाचं नेलपॉलिश, आणि मापासाठी कॅलिपर. नायलॉनचा दोरा किंवा मासे पकडायची तंगूस वापरू नका. ती ताठ राहते, माळ गळ्यावर पडत नाही, आणि गाठ कालांतरानं उसवते.

ओवण्याआधी

दोरा कार्डावरून सोडवून रात्रभर खिळ्याला टांगा आणि खाली एखादं कुलूप बांधा. रेशीम ताणतं. हा ताण आधीच काढून टाकला नाही तर महिन्याभरात गाठ आणि मोती यांच्यात फट पडते, आणि दोष गाठ मारणाऱ्याच्या माथी येतो.

मोती कच्च्या दोऱ्यातून काढा. खाली जाड टर्किश टॉवेल अंथरा. गुळगुळीत टेबलावर हे काम करू नये, एक मोती फर्शीवरून कपाटाखाली गेला की नक्षत्रं सव्वीसच राहतात. टॉवेलला लांब घडी घालून पन्हळ करा आणि त्यात मधला मोती आधी ठेवा. मग एक उजवीकडे, एक डावीकडे, असे जोडीजोडीनं मांडत जा. प्रत्येक जोडी कॅलिपरनं मोजा. जोडीतला फरक ०.२ मिमीपेक्षा जास्त नको. रंगही जोडीनं जुळवा: कोणता गुलाबी झाकेचा, कोणता पिवळसर. झाक एका बाजूला गोळा झाली तर गळ्यात एक बाजू मळलेली वाटते. पूर्ण मांडणी झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन पाहा. जवळून न दिसलेला विसंगत मोती लांबून लगेच दिसतो.

दोन्ही टोकांचे तीन-तीन मोती निवडताना वेज मोठं आहे का ते पाहा, कारण त्यांच्यातून दोरा दोनदा जाणार आहे. गरज पडली तर हिऱ्याच्या कणांची बारीक सळई हातानं फिरवून वेज १ मिमीपर्यंत रुंद करता येतं. मोती पाण्यात बुडवूनच हे करा. कोरडं घासलं तर मोती तापून तडकतो आणि त्याची भुकटी श्वासात जाते. सवय नसेल तर हे काम बाजारात वेज पाडणाऱ्याकडून करून घ्या.

गाठणं

दोऱ्याच्या मोकळ्या टोकाला, शेवटून १५ सेंमी सोडून, एक तात्पुरती सैल गाठ मारा. टोकाचे तीन मोती ओवा, पण क्रम उलटा: आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी सर्वांत टोकाचा ६ मिमीचा. त्यांच्यावर तारेचा तुकडा आणि त्यावर कडी. आता सुई परत त्या टोकाच्या मोत्यातून उलट दिशेनं घाला आणि हळू ओढा. तार वाकून कडीभोवती छोटं वळण घेईल. हे वळण दोऱ्याचं चिलखत आहे. कडी दिवसभर घासते ती तारेवर, दोऱ्यावर नाही. एकदम झटक्यानं ओढलं तर तार चेपते किंवा उकलते, मग तो तुकडा टाकून नवा घ्या.

तात्पुरती गाठ सोडवा. सुईकडचा दोरा आणि मोकळं शेपूट यांची टोकाच्या मोत्याला लागून एकत्र गाठ मारा. दुसऱ्या मोत्यातून सुई घाला, पुन्हा शेपटासह गाठ. तिसऱ्यातून घाला, पुन्हा गाठ. शेपूट आत्ता कापू नका, काम संपेपर्यंत राहू द्या.

आता साधी गाठ, मोत्यागणिक. मोती ओवा आणि मागच्या गाठीला घट्ट भिडवा. डाव्या हाताच्या दोन बोटांवर दोऱ्याचा फेरा घ्या, सगळा सर त्या फेऱ्यातून खाली सोडा. गाठ सैल असतानाच तिच्यात दाभणाचं टोक घाला आणि गाठ दाभणावर ओढत मोत्यापर्यंत न्या. गाठ मोत्याला टेकली की दाभण हळूच बाहेर काढा आणि त्याच क्षणी अंगठ्याच्या नखानं गाठ मोत्याकडे दाबा. सगळं कौशल्य या शेवटच्या अर्ध्या सेकंदात आहे. दाभण काढायला उशीर झाला तर गाठ दाभणावरच आवळते, लवकर काढलं तर मोत्यापासून दूर बसते.

सुरुवातीला फालतू मण्यांवर दहा गाठी मारून पाहा. दहा मणी आणि गाठींची एकूण लांबी मोजा, मण्यांची वजा करा, दहानं भागा. तुमची गाठ १.२ मिमीची आहे की १.६ ची, हे आधीच कळेल. २६ गाठींमध्ये हा फरक एक सेंमीवर जातो आणि मागच्या दोरीचं माप त्यावर ठरतं.

गाठ मोत्यापासून दूर पडली तर दोन सुयांची टोकं गाठीत घालून ती सैल करा. दातानं किंवा नखानं ओढाल तर रेशमाचे तंतू फुलतात आणि पुढचं वेज सुई आत घेत नाही. गाठ वेजातच शिरत असेल तर दोरा त्या वेजाला बारीक पडतोय. एका गाठीच्या जागी दोन मारण्याचा मोह टाळा, कारण दुहेरी गाठ त्या एका ठिकाणी माळेला कोपर पाडते. एक नंबर जाड दोरा घेऊन सुरुवातीपासून गाठा.

सातव्या, चौदाव्या आणि विसाव्या मोत्यानंतर थांबून मोजा. सत्तावीस हा आकडाच या दागिन्याचं नाव आहे. सव्वीस किंवा अठ्ठावीस झाले तर तुमच्या गळ्यात साधी एकावली आहे.

चोविसावा मोती ओवून झाला की त्याच्यानंतर गाठ मारा आणि मग शेवटचे तीन मोती गाठी न मारता ओवा, पण त्यांच्यात गाठीइतकी जागा सोडून. तारेचा दुसरा तुकडा, दुसरी कडी, आणि सुई परत शेवटच्या मोत्यातून उलटी. दोरा ओढून तारेचं वळण घट्ट करा. त्या मोत्याला लागून, मधल्या दोऱ्याभोवती गाठ मारा. पुढच्या मोत्यातून सुई, पुन्हा गाठ. मग तिसऱ्यातून सुई घालून शेवटची गाठ. दोन्ही टोकांच्या शेवटच्या गाठींवर टाचणीच्या टोकानं नेलपॉलिशचा एकच थेंब लावा, वाळू द्या, आणि दोरा गाठीलगत कापा. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो दोऱ्यात झिरपून त्याला काडीसारखा ठिसूळ करतो, मोत्यावर पांढरी राखही धरते, आणि दोरा नेमका तिथेच तुटतो. एक दिवस तशीच सपाट ठेवा.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हे काम शक्यतो कोरड्या दिवशी करा. दमट हवेत रेशीम फुगतं आणि सुई वेजात अडकते. बोटांना घाम येत असेल तर हात धुऊन पुसा. टाल्कम पावडर नको, ती गाठींत बसते.

मागची दोरी

ही दोरी स्वतः विणता येते, पण पटवेकऱ्याच्या (दागिने रेशमात गुंफणाऱ्याच्या) हातची सफाई घरी येत नाही, आणि भुलेश्वरात हे काम करणारे आजही आहेत. त्याला मोती नेऊन देऊ नका, माळ गाठून झालेली न्या. स्पष्ट सांगा: ‘मोत्यांना हात लावायचा नाही, दोन्ही कड्यांत रेशमी गोफ, बाजूला पंचवीस-पंचवीस सेंमी, मागे सरक आणि टोकांना गोंडे.’ सरक (सरकणारी गाठ) ओढली की दोरी दहा-दहा सेंमीवर येते आणि पूर्ण माळ हातभर होते. सैल सोडली की छातीपर्यंत उतरते. रंग गडद घ्या, काळा किंवा तपकिरी लाल, कारण मानेचा घाम आणि केसांचं तेल सगळं इथेच लागतं. कलाबतूची (जरीच्या दोऱ्याची) गुंडाळी फक्त कडीजवळच्या दोन सेंमीवर हवी. सबंध दोरीवर असली तर ती मानेला बोचते.

कडीमुळे दोरी मोत्यांपासून वेगळी राहते, हा या बांधणीचा मोठा फायदा. वर्षभरात दोरी मळली की ती कापून नवी बांधायची, मोत्यांची एकही गाठ सोडावी लागत नाही.

हा दागिना अंगावर कसा दिसत असे याचा अंदाज हवा असेल तर घारापुरीला जा (सोमवारी लेणी बंद असतात). ती लेणी वराहमिहिराच्याच शतकातली मानली जातात. सदाशिवाच्या मधल्या मुखाखालची कंठभूषा नीट पाहा: गळ्याला लागून काय आहे, खाली काय झुकलं आहे. दगडात दोरा दिसत नाही, पण दागिन्याचा भार कुठे पडतो ते दिसतं.

जपणूक

मोत्याचं काठिण्य फार कमी असतं. हिऱ्याच्या किंवा सोन्याच्या दागिन्यांबरोबर एका डबीत ठेवला तर त्याच्यावर ओरखडे येतात. अत्तर, केसांचा स्प्रे, गजऱ्यावर मारलेलं पाणी, हे सगळं आधी, माळ सर्वांत शेवटी. घाम आम्ल असतो, मोत्याचा वरचा थर चुन्याचा. त्यामुळे काढल्यावर लगेच किंचित ओलसर मलमलीनं पुसा आणि पसरून वाळवा. पाण्यात बुडवायची नाही, गाठींच्या आत शिरलेलं पाणी मुंबईच्या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि दोरा काळा पडतो. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्याही नकोत, अति कोरडेपणानं मोती तडकतो. सुती पुरचुंडी सर्वांत चांगली. टांगून ठेवायची नाही, आडवी ठेवायची.

आठवड्यातून एकदोनदा घालत असाल तर वर्षानं, सणासुदीलाच घालत असाल तर तीन वर्षांनी पुन्हा गाठून घ्या. त्याआधीही, गाठ आणि मोती यांच्यात एक मिमी फट दिसली किंवा दोरा मोत्यांमधे राखाडी झाला की वाट पाहू नका. तुटते ती जवळजवळ नेहमी टोकाच्या तीन मोत्यांतच तुटते, म्हणून तपासणी तिथून सुरू करा.

पुरचुंडीत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर लिहा: नक्षत्रमाला, मोती २७, मधला १० मिमी, टोकाचे ६ मिमी, मोत्यांचा भाग २४.५ सेंमी, दोरा ४ नंबर, गाठल्याची तारीख. पुढच्या वेळी गाठायला बसणाऱ्याला, तो कोणीही असो, मोती मोजून घेता येतील.